बाईसाहेबांसाठी घोडा बघताना

कालव्याकडेचा सपाट रस्ता संपून चढ लागला तसे भावोजी थांबले आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही डाव्या पायावर जास्त भार देताय. उजवा गुडघा दुखतोय ना?"

"दुखतोय. पण तुम्ही घोडीचे पाय बघा. माझे राहू देत."

"तिचे बघता बघता तुमचे दिसले."

आमच्या दोघांच्या मधून बाईसाहेब चालल्या होत्या. कागदावर त्या घोडीचं भलंमोठं इंग्रजी नाव आहे, त्यात तिच्या आईचं आणि आजोबांचं नाव गुंफलेलं आहे, पण ते आमच्या घरात कुणाच्या जिभेवर कधी बसलं नाही. ती आमच्या अंगणात आली त्या दिवशी बादलीतल्या पाण्याकडे तिनं अशा काही नजरेनं बघितलं, की मी म्हटलं, "बाईसाहेबांना पसंत नाही वाटतं." तेव्हापासून तेच नाव पडलं. अस्सल थरोब्रेड, शर्यतीची घोडी. अंगावरची कातडी इतकी पातळ की माशी बसली तरी शीर हललेली दिसते.

आम्ही तिला घेऊन टेकडीपलीकडच्या स्टड फार्मवर निघालो होतो. घोडा दाखवायला, म्हणजे गाभण करून आणायला. चालतच, कारण बाईसाहेब गाडीत चढत नाहीत. पूर्वी एकदा गाडीच्या फळीवरून त्यांचा पाय घसरला होता. त्यानंतर गाडीचं मागचं दार नुसतं वाजलं तरी त्यांना घाम फुटतो. आणि मी सोबत होते, कारण रोज सकाळी त्यांना चारा घालताना मी माझं देवाचं नाव घेत असते, त्या आवाजाची त्यांना सवय झालेली. अनोळखी रस्त्यावर ट्रक आला की भावोजी म्हणायचे, "वहिनी, म्हणा." मी म्हणायची. बाईसाहेब कान माझ्याकडे वळवायच्या आणि ट्रक निघून जायचा. देवाला यात काही वावगं वाटलं नसावं.

खरं तर माझ्या जागी पुतणी, म्हणजे भावोजींची मुलगी, असायला हवी होती. ती आली नाही. त्याचं कारण सांगण्याआधी भावोजींविषयी सांगायला हवं.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. धंद्यानं नालबंद. घोड्याचा खूर तासायचा, नाल तापवून ठोकून मापाचा करायचा, खिळे मारायचे. सगळा जन्म कमरेत वाकून गेला, त्यामुळे आता सरळ उभे राहिले तरी काहीतरी शोधत असल्यासारखे दिसतात. शर्यतीच्या मैदानावर त्यांचं नाव पडलं होतं 'पायबघे'. नव्या माणसाला ते आडनावच वाटायचं. एकदा कुणी पत्र्याच्या पाटीवर तसं रंगवून त्यांच्या शेडला लावलं, तर भावोजींनी ती पाटी काढली नाही. म्हणाले, "खोटं काय लिहिलंय त्यात?"

माणसाचं तोंड त्यांच्या लक्षात राहत नाही. दारात कोण येऊन गेलं विचारलं तर सांगतील, "तो हो, टाचा बाहेरून झिजलेला." पुतणी जन्मली तेव्हा नर्सनं बाळाचं तोंड उघडं करून दाखवलं. भावोजींनी दुपटं खालच्या बाजूनं उचललं, दोन्ही पावलं तळहातावर घेऊन पाहिली आणि मग मला म्हणाले, "सरळ आहेत." माझी जाऊ खाटेवरून म्हणाली, "अहो, नाक कुणासारखं आहे ते तरी बघा!" ती बिचारी पुढं फार दिवस जगली नाही. पोर अर्धी माझ्या स्वयंपाकघरात आणि अर्धी भावोजींच्या शेडमध्ये वाढली. हातोडीच्या आवाजात झोपायची, आवाज थांबला की उठायची.

बाईसाहेब त्यांच्याकडे आल्या त्या शर्यती संपल्यावर. पुढच्या पायाची शीर सुजली, मालकाचं मन उडालं. तो म्हणाला, "पायबघे, पायापायीच गेली ही, आता तुम्हीच सांभाळा." भावोजींनी तिला घरी आणली. पाय बरा केला, पण पळवायला नाही, शिंगरांसाठी.

पहिल्या वेळी घोडा निवडला तो भावोजींनीच. वेगवान होता, डोळ्यांत भरणारा होता, मैदानावर त्याचं नाव निघालं की माणसं बोलायची थांबायची. त्याचे पाय गुडघ्याखाली बारीक होते, बाईसाहेबांचेही बारीक. भावोजींना ते दिसलं होतं. पण जन्मात एकदा त्यांनी पाय सोडून वर पाहिलं. झालेलं शिंगरू वाऱ्यासारखं निघालं. त्याच्यावर बसायची ती माझी पुतणी. ती तोवर जॉकी झाली होती, मैदानावर तिच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही असं म्हणायचे. एका शर्यतीत, सगळ्यांच्या पुढे असताना, त्या घोड्याचा पुढचा पाय मोडला. घोडा तिथंच संपवावा लागला. पोरीच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि ती वाचली हीच देवाची कृपा.

हाड जुळून आलं. ती पुन्हा बसायलाही लागली. भावोजी मात्र तिची शर्यत असली की मैदानाच्या मागच्या बाजूला, जिथून काही दिसत नाही, तिथं जाऊन खिळे निवडत बसत.

आता बाईसाहेबांचं वय उतरणीला लागलेलं. अजून एखादं शिंगरू, फार तर. त्या शिंगरावर कोण बसणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे या वेळी घोडा निवडायचा म्हणजे भावोजींना नुसता घोडा निवडायचा नव्हता. पोरीला जिवंत घरी आणणारे चार पाय निवडायचे होते.

त्यांनी टेकडीपलीकडचा, एकदा कुंपणाबाहेरून पाहिलेला एक पांढरा घोडा ठरवला. शर्यती फारशा जिंकलेल्या नाहीत, नाव कुणाला माहीत नाही, पण पाय असे की ओळंबा लावून पाहावा. पुतणीनं ठरवला होता तो मोठ्या स्टडवरचा, पुष्कळ शर्यती जिंकलेला एक तपकिरी घोडा. त्याचा पुढचा उजवा पाय जरासा बाहेर वळलेला. एवढं भावोजींना पुरे होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात दोघांची जुंपली. मी भाजी निवडत होते.

पुतणी म्हणाली, "बाबा, तुम्हाला घोडा हवाय की टेबल? चार पाय सरळ असले की झालं!"

"टेबल कोसळत नाही."

"टेबल पळतही नाही! माझा घोडा त्या वाकड्या पायानं इतकी वर्षं पळला, एकदा तरी लंगडला? मी विचारून आलेय. लहानपणी कुंपणात अडकून पाय वळलाय तो. जन्मजात नाही."

"घोडा दाखवणारे असंच सांगतात. सगळ्यांचेच घोडे कुंपणात अडकलेले असतात."

"तुम्ही घोड्याच्या तोंडाकडे तरी कधी बघितलंय का? त्याची छाती, त्याचा दम, त्याची हिंमत? तुम्हाला गुडघ्याच्या वरचं जगच नाही."

"वर बघितलं होतं एकदा," भावोजी म्हणाले. "तुझा खांदा मोडला."

पोर उठून गेली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, उद्या तुम्हीच जा त्यांच्याबरोबर. मी त्या टेबलाच्या स्थळाला येणार नाही."

म्हणून मी त्या चढावर होते, दुखऱ्या गुडघ्यानं.

चढ संपल्यावर एका झाडाखाली बाईसाहेबांना पाणी पाजलं. भावोजी तिचा एकेक खूर उचलून खडे काढत होते. मी विचारलं, "पोरीचं काहीच खरं नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तिचं सगळं खरं असेल, वहिनी. पण ती वरून बघते. मी खालून बघतो. घोडा पडला की वरचा माणूस खाली येतो. खालच्यानंच बघायला हवं." खूर खाली ठेवून त्यांनी तिच्या पोटरीवर हात फिरवला. "आणि यांचेही हाल नकोत. शिंगरू मोडलं तेव्हा या किती दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हत्या, आठवतं ना?"

शिंगरू मैदानावर मोडलं आणि घोडी घरी अंगणात होती. तिला कसं कळलं असेल हे मला आजही सांगता येत नाही. पण तोंड लावत नव्हती, हे खरं.

दुपार कलायच्या सुमारास स्टड फार्मवर पोचलो. जागा लहान, पण झाडलेली. एका रांगेत तबेले, चुन्यानं रंगवलेल्या भिंती, ओल्या गवताचा आणि घोड्यांचा वास. घोड्यांकडे बघणारा म्हातारा पुढं आला. त्याला सगळे मामा म्हणतात. तोंडात एकही दात नाही आणि हसण्याची मोठी हौस.

"या या, नवरीकडची मंडळी! चालत आणलीत? नवरा मुलगा सकाळपासून दाराला लाथा मारतोय."

बाईसाहेबांनी नाकपुड्या फुगवल्या, शेपूट बाजूला केली आणि अशी काही खिंकाळी फोडली की मी पदर सावरून दुसरीकडे बघायला लागले. मामा म्हणाला, "घोडी माजावर आहे चांगली. आजच उरकून टाकू."

"आधी घोडा बाहेर काढा. चालवून दाखवा," भावोजी म्हणाले.

मामानं घोडा काढला. पांढराशुभ्र, मान कमानीसारखी. फरशीवरून खुरांचा आवाज एका तालात येत होता. भावोजी चक्क उकिडवे बसले. घोडा त्यांच्याकडे चालत आला, मग पाठमोरा गेला. पुढून, मागून, बाजूनं. त्यांच्या तोंडावर मी क्वचित पाहिलेलं समाधान होतं.

"बघा वहिनी, कुठं तसूभर तरी चूक आहे?"

मला काय कळणार. मी म्हटलं, "छान आहेत."

मामा हसला. "नसणार चूक! तुमच्याच हातचं काम आहे ना!"

भावोजींनी मान वर केली. "म्हणजे?"

"अहो, म्हणजे काय? हा शिंगरू असताना जुन्या मालकाकडे होता. मी तिथंच होतो, याच्याबरोबरच इकडे आलो. याचा पुढचा डावा असा बाहेर फाकलेला, बदकासारखा. तुम्ही यायचात कानस घेऊन, जरा जरा तासायचात. वर्षभर खपलात तुम्ही. मालक म्हणायचा, हा पायबघे देवमाणूस आहे. मला वाटलं, आपल्या हातचा घोडा म्हणूनच तुम्ही यालाच निवडलात."

"तो काळा होता," भावोजी म्हणाले.

"काळाच होता! पांढरे घोडे जन्मतात काळे, मग वयाबरोबर पांढरे होत जातात. हे मी तुम्हाला सांगू?"

भावोजींना ते माहीत होतंच. पण रंग बदललेला, तोंड त्यांनी कधी पाहिलेलं नाही, आणि ज्यावरून ते घोडा ओळखतात ते पाय त्यांनीच बदलून टाकलेले. ओळखणार कसे? ते उकिडवेच बसून राहिले. मी जवळ गेले.

"भावोजी, पाय सरळ झाले ना? मग बिघडलं कुठं?"

"पाय सरळ झाले, वहिनी. रक्त नाही झालं." त्यांनी जमिनीकडे बघतच सांगितलं. "हाड कोवळं असतं तेव्हा खूर एका बाजूनं तासत गेलं की पाय सरळ वाढतो. पण ते माझ्या कानशीनं झालं. शिंगराला माझी कानस मिळत नाही. त्याला मिळतो तो मूळचा पाय."

मग ते उठले आणि मामाला म्हणाले, "याची पोरं आहेत का इथं?"

मागच्या कुरणात तीन-चार शिंगरं आपापल्या आयांच्या पोटाला चिकटून उभी होती. भावोजी कुंपणाशी वाकले. मीही वाकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यासारखं खालून बघितलं. एक काळं शिंगरू दूध सोडून आमच्याकडे आलं. गोड, लांबट पापण्यांचं. आणि त्याचा पुढचा डावा पाय मलाही दिसला. बदकासारखा.

मामा सहज म्हणाला, "त्याचं चालू केलंय. नवीन नालबंद येतो तासायला. होईल सरळ. तुमच्या शिंगराचं असं काही निघालं तर तुम्ही आहातच की घरी."

"मी आहे," भावोजी म्हणाले. "मी त्याचा पाय असा सरळ करीन की विकत घेणाऱ्याला कळणार नाही, ट्रेनरला कळणार नाही, मलासुद्धा कळणार नाही. आज नाही कळलं मला. आणि मग माझी पोर त्याच्यावर बसून पूर्ण वेगात वळणावर येईल."

पलीकडे बाईसाहेब दोर ताणून ओरडत होत्या, पांढरा घोडा दार बडवत होता. मामा म्हणाला, "पण घोडी आज तयार आहे हो. हंगाम सरत आला. ही संधी घालवली तर पुढच्या वेळी माजावर येईल की नाही, तिचं वय बघा. कदाचित हिचं शेवटचंच असेल."

ते खरंच होतं, आणि ते भावोजींना मामापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते बाईसाहेबांजवळ गेले. तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मी मनात देवाचं नाव घेतलं. मागितलं मात्र काही नाही, कारण काय मागावं तेच कळेना. घोडीला बाळ मिळू दे म्हणावं, की न मिळू दे म्हणावं?

मग पाहिलं तर भावोजी दोर सोडवत होते. "मामा, माफ करा. तुमचा दिवस मोडला."

"नवरी मांडवातून परत नेताय," मामा म्हणाला. पण त्यानं स्वतःच फाटक उघडलं, आणि बाईसाहेबांना निघताना एक गाजर दिलं.

परतीच्या रस्त्यावर बाईसाहेब काही केल्या सरळ चालेनात. सारख्या मागं वळायच्या, पाय रोवून उभ्या राहायच्या. मी देवाचं नाव घेतलं तर माझ्याकडेही कान नाही. भावोजी तिला म्हणत होते, "शिव्या घाल. घाल. तुझा हक्क आहे." मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. त्या माणसाच्या हातात आयुष्यभर एकच विद्या होती, पाय बघायची, आणि ती विद्या त्यांच्याच हातसफाईनं फसली होती. दुसऱ्या कुणाकडून फसले असते तर निदान रागावता तरी आलं असतं.

उतारावरून कालवा दिसायला लागल्यावर भावोजी म्हणाले, "आजवर किती शिंगरांचे पाय सरळ केले असतील मी, वहिनी? ते सगळे आता कुठं कुठं बाप झाले असतील. कुणीतरी माझ्यासारखाच उकिडवा बसून म्हणत असेल, वा, काय पाय आहेत."

"तुम्ही त्या शिंगरांना नीट चालायला लावलंत," मी म्हटलं. "ते पुण्याचंच काम आहे. त्यात मन लावून घेऊ नका."

"पुण्याचं असेल. पण घोडा निवडायच्या कामाचं नाही." ते थांबले. बाईसाहेबही थांबल्या, आणि दमल्यामुळे असेल, त्यांनी डोकं भावोजींच्या पाठीला टेकवलं. "सरळ दिसणारा सरळ नसतो, ते आज बघितलं. मग वाकडा दिसणारा तरी वाकडाच असेल कशावरून? कुंपणात अडकतात काही घोडे. खरंच अडकतात. मीच सोडवलेत."

ते स्वतःच्याच वाटेनं तिथवर पोचत होते, मध्ये बोलायची गरज नव्हती.

"बघायची ती घोड्याची पोरं," ते म्हणाले. "नुकती जन्मलेली. नालबंदाचा हात लागायच्या आधी. ती उभी राहायला धडपडतात तेव्हाच कळतं बापानं काय दिलंय ते. पोरीचा तो तपकिरी घोडा... त्याची शिंगरं मोठ्या स्टडवर याच दिवसांत जन्मत असतील."

"मग जा की तिच्याबरोबर."

"जाईन म्हणतो. घोडीला चालत न्यायचं तर दोन दिवसांची वाट आहे, तेही नेईन. आणि तिथंही पोरं फाकलेल्या पायांची निघाली तर नको. मग बाईसाहेबांना शिंगरूच नको. तेवढं मी सोडणार नाही." त्यांनी दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्यांची नजर माझ्या चपलांवर होती, मग कुणास ठाऊक का, त्यांनी ती वर आणून माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"वहिनी, एक काम करा. मी सांगायला गेलो की तोंडातून दुसरंच निघतं, आमचं पुन्हा भांडण होईल. तुम्ही पुढं व्हा, मी हिला घेऊन सावकाश येतो. पोरीला सांगा, बाबा टेबल परत करून आला. घोडा तू निवड म्हणावं. पण शिंगरं बघायला जाशील तेव्हा मलाही सोबत ने. मी फाटकाबाहेर उभा राहीन, तोंड उघडणार नाही. तू वरून बघ, मी खालून बघतो. एवढं सांगाल का तिला?"